हिरोशिमाचा डबा आणि वर्धेचा काठ : पाच दिवसांची फेरी

गेली अकरा वर्षे मी हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावात विज्ञान शिकवते. अणूची रचना शिकवून झाली की दरवर्षी एखादा विद्यार्थी अणुबॉम्बबद्दल विचारतो, आणि तास संपत आलेला असल्यामुळे मी दरवर्षी दोन तारखा आणि दोन शहरांची नावे सांगून फळा पुसत आले. २०२५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकीच्या संहाराला ८० वर्षे पूर्ण होत असताना मला त्या पुसलेल्या फळ्याची लाज वाटू लागली. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी कोळसा आणि जलरंग वापरून १८ चित्रफलक तयार केले आणि ५ ते ९ ऑगस्ट अशी फेरी आखली : वर्धा, सेवाग्राम, पवनार, तिथून आर्वी-आष्टीचा पट्टा आणि शेवटी वर्धा नदी ओलांडून मोझरी. सोबत माझी भाची होती. ती बारा वर्षांची आहे, शाळेच्या खो-खोच्या संघात खेळते, आणि हे वर्णन मी मुख्यतः तिच्या वयाच्या वाचकांसाठी लिहीत आहे.

पहिला दिवस, ५ ऑगस्ट : वर्धा

दुपारी वर्ध्याला उतरलो तेव्हा आभाळ भरलेले होते, पण पाऊस नव्हता, आणि उकाड्याने जीव नकोसा झाला होता. गोपुरीजवळच्या गीताई मंदिराला छप्पर नाही आणि मूर्तीही नाही. विनोबांच्या गीताईचे १८ अध्याय कोरलेल्या उभ्या शिळांच्या रांगेतून माणूस चालत जातो. त्याच्या शेजारीच पांढराशुभ्र विश्वशांती स्तूप आहे आणि त्याच्या चार दिशांना बुद्धाच्या चार मूर्ती आहेत. या स्तूपामागे निचिदात्सु फुजी या जपानी भिक्षूंची प्रेरणा आहे. ते १९३३ मध्ये वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले होते. पुढे त्यांच्याच देशातली दोन शहरे जळाली आणि त्यानंतरचे आयुष्य त्यांनी जगभर शांतिस्तूप उभारण्यात घालवले.

भाचीने स्तूपाला एक फेरी मारली आणि विचारले, "मावशी, हे जपानहून इतक्या दूर वर्ध्यालाच काहून आले?" या प्रश्नाचे खरे उत्तर तिला दुसऱ्या दिवशी पहाटे मिळाले.

वर्ध्यात मुक्काम करणाऱ्यांनी गोरसपाक अवश्य घ्यावा, तो प्रवासात चार-पाच दिवस सहज टिकतो. मात्र आमच्यासारखे कागदाचे सामान नेणार असाल, तर श्रावणात साध्या पिशवीवर विसंबू नका. मी सगळे फलक शेतात वापरतात त्या जाड प्लास्टिकच्या मेणकापडात गुंडाळले होते आणि चौथ्या दिवशी त्या मेणकापडानेच आमची फेरी वाचवली.

दुसरा दिवस, ६ ऑगस्ट : सेवाग्राम

हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा तिथे सकाळचे ८ वाजून १५ मिनिटे झाली होती. आजच्या घड्याळांप्रमाणे जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे, म्हणजे त्या क्षणी आपल्याकडे पहाटेचे पावणेपाच होतात. सेवाग्राम आश्रमातली पहाटेची प्रार्थनाही याच सुमारास होते. हा योगायोग माझ्या लक्षात आला तेव्हाच ६ तारखेची पहाट कुठे काढायची हे ठरले होते.

अंधारात बेडकांचा आवाज चालू होता आणि पाऊस भुरभुरत होता. आम्ही दोघी मागे बसलो. प्रार्थना सुरू झाली आणि तिचे पहिलेच शब्द ऐकून भाचीने माझा हात दाबला : "नम्यो हो रेंगे क्यो." हे शब्द मराठी नाहीत, हिंदी नाहीत आणि संस्कृतही नाहीत. फुजी यांचे शिष्य आश्रमात राहत, ढोलके वाजवत हा मंत्र म्हणत, आणि गांधीजींनी तो आश्रमाच्या रोजच्या प्रार्थनेत घेतला. सद्धर्मपुंडरीक या बौद्ध सूत्राला केलेले ते नमन आहे. जपानने युद्धात उडी घेतली, त्याची शहरे बेचिराख झाली, आपला देश स्वतंत्र झाला, गांधीजी गेले; पण वर्ध्याजवळच्या या खेड्यात दिवस अजूनही त्या जपानी शब्दांनी उजाडतो. मी डोळे मिटले तेव्हा माझ्यापुढे फक्त घड्याळाचे काटे होते.

उजाडल्यावर आश्रम पाहिला. गांधीजी १९३६ मध्ये इथे राहायला आले. बापू कुटी, आदी निवास, बा कुटी ही ठिकाणे सगळेच पाहतात. मी भाचीला मुद्दाम परचुरे कुटीसमोर थोडा वेळ उभे केले. परचुरे शास्त्रींना कुष्ठरोग होता, लोक जवळ यायला घाबरत, आणि गांधीजी स्वतः त्यांच्या जखमा स्वच्छ करून मालिश करत. मला तिला हिबाकुशांबद्दल सांगायचे होते. अणुबॉम्बच्या हल्ल्यातून वाचलेल्यांना जपानी भाषेत हिबाकुशा म्हणतात. त्यांचा आजार लागेल किंवा त्यांच्या मुलाबाळांत उतरेल या भीतीने अनेकांना नोकरी मिळाली नाही, अनेकांची लग्ने मोडली, आणि कित्येकांनी आपण त्या दिवशी त्या शहरात होतो ही गोष्ट वर्षानुवर्षे लपवून ठेवली. आपल्याकडे कुष्ठरोग्यांना गावाबाहेर राहावे लागल्याचे मुलांनी आजी-आजोबांकडून ऐकलेले असते, त्यामुळे ही गोष्ट त्यांना फार समजावून सांगावी लागत नाही.

सकाळी दहाला जवळच्याच एका गावातल्या जिल्हा परिषद शाळेत पोहोचलो. पटांगणात चिखल होता म्हणून वर्गातली सतरंजी बाजूला सारून पाचवी ते आठवीची ४० मुले गोल बसवली आणि प्रत्येकाला दोन-दोन चिंचोके दिले. नियम एवढाच होता की ज्याच्या अंगाला चिंचोका लागेल त्याने आपल्याजवळचे दोन्ही चिंचोके दोघांकडे फेकायचे. मी पहिला चिंचोका टाकला. एकाचे दोन झाले, दोनाचे चार, चाराचे आठ, आणि पाचव्या-सहाव्या फेरीत सगळा वर्ग चिंचोक्यांच्या पावसाखाली ओरडत होता. यालाच साखळी अभिक्रिया म्हणतात. युरेनियमच्या अणुकेंद्रकावर न्यूट्रॉन आदळला की ते फुटते, ऊर्जा बाहेर पडते आणि आणखी दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात, जे पुढची केंद्रके फोडतात. ओटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमान यांना १९३८ च्या अखेरीस हे फुटणे प्रयोगात दिसले आणि लिझे माइटनर व ओटो फ्रिश यांनी त्याचा अर्थ लावला. बॉम्बमध्ये अशा सुमारे ८० फेऱ्या सेकंदाच्या दहालाखाव्या भागात होऊन जातात.

हिरोशिमावरच्या बॉम्बमध्ये सुमारे ६४ किलो युरेनियम होते आणि त्यातले एक किलोही फुटले नाही. जे वस्तुमान ऊर्जेत बदलले ते तर एका ग्रॅमहून कमी होते. म्हणजे मुलांच्या हातात होता तेवढा, एक चिंचोका. हे सांगितल्यावर वर्ग एकदम शांत झाला आणि एका मुलाने हातातला चिंचोका अलगद जमिनीवर ठेवला. त्या एका ग्रॅमहून कमी द्रव्याने जवळपास १५,००० टन स्फोटकांइतका तडाखा दिला. दहा टनी ट्रकांत भरायचे म्हटले तर १,५०० ट्रक लागतील. स्फोट जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर झाला. त्याच्या खालच्या जमिनीचे तापमान क्षणभर ३,००० अंश सेल्सिअसच्या वर गेले, आणि लोखंड १,५३८ अंशांना वितळते. १९४५ संपेपर्यंत हिरोशिमात सुमारे १,४०,००० आणि नागासाकीत सुमारे ७०,००० माणसे मरण पावली.

हे आकडे मी फळ्यावर लिहिले आणि मुलांनी ते वहीत उतरवून घेतले, जसे ती पर्जन्यमानाचे आकडे उतरवून घेतात. मी तेच पाहत होते. एक लाख चाळीस हजार ही संख्या बारा वर्षांच्या मुलाच्या मनात मावत नाही, आणि खरे तर माझ्याही मनात मावत नाही.

मधल्या सुट्टीत खिचडी वाढली गेली. मुलांची ताटे भरली तेव्हा मी माझा सातवा फलक भिंतीला टेकवून ठेवला. त्यावर एक जेवणाचा डबा आहे. तो वाकलेला आहे आणि त्यातले अन्न कोळसा होऊन तसेच बसलेले आहे. हा डबा हिरोशिमाच्या शांतता स्मारक संग्रहालयात आहे आणि तो शिगेरू ओरिमेन या १३ वर्षांच्या मुलाचा आहे. युद्धाच्या काळात हवाई हल्ल्यांची आग पसरू नये म्हणून शहरातली घरे पाडून मोकळे पट्टे केले जात होते आणि त्या कामाला शाळांतली मुले लावली होती. शिगेरू त्यांतलाच एक होता. घरच्या जमिनीत आईने नव्याने पिकवलेले धान्य त्या दिवशी पहिल्यांदा डब्यात आले होते, म्हणून तो सकाळी आनंदात निघाला. आई तीन दिवस त्याला शोधत फिरली. ९ ऑगस्टला तिला तो सापडला तेव्हा हा डबा त्याच्या पोटाशी धरलेला होता. त्या दिवशी अशा कामावर गेलेल्या मुलांपैकी सुमारे ६,००० मुले परत आली नाहीत.

कोणीही घास घेत नव्हते. मग सहावीतल्या एका मुलीने विचारले, "मॅडम, त्यानं डबा उघडलाच नव्हता का जी?" मी म्हणाले, "नाही बाळा, सव्वाआठच वाजले होते." तिने आपल्या ताटाकडे पाहिले आणि सावकाश जेवायला सुरुवात केली. बाकीची मुलेही जेवली. त्या दिवशी कोणाच्याच ताटात अन्न उरले नाही, असे तिथल्या शिक्षकांनी मला नंतर सांगितले.

शिक्षक आणि पालकांसाठी एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. भाजलेल्या माणसांची छायाचित्रे मी दाखवत नाही, आणि पाचवीच्या खालच्या मुलांना तर कोणीच दाखवू नयेत. योशितो मात्सुशिगे नावाचे वृत्तपत्र-छायाचित्रकार ६ ऑगस्टला हिरोशिमातच होते. दिवसभर कॅमेरा गळ्यात असूनही त्यांना फक्त सात वेळा कळ दाबता आली आणि त्यांतली पाच छायाचित्रे उरली. समोरची माणसे पाहून त्यांचा हातच उठत नव्हता. ज्याचे ते कामच होते त्याची ही गत झाली, तिथे लहान मुलांना धक्का देऊन शिकवण्याचा अधिकार मला आहे असे मी मानत नाही.

तिसरा दिवस, ७ ऑगस्ट : पवनार

सकाळी पवनारला गेलो. धाम नदी गढूळ होऊन दुथडी वाहत होती आणि काठावरच्या खडकांवर जायला मनाई होती. विनोबांच्या आश्रमातल्या भगिनी परसातली तरोट्याची भाजी निवडत होत्या. आम्हीही हात लावला आणि त्यांनी आम्हाला जेवायला थांबवून घेतले.

इथे मी भाचीला दोन तरुणांची गोष्ट सांगितली. सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोघे १९६२ मध्ये विनोबांचा आशीर्वाद घेऊन दिल्लीहून पायी निघाले. ज्या चार देशांकडे तेव्हा अण्वस्त्रे होती त्यांच्या राजधान्यांत, म्हणजे मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टनला, जाऊन शस्त्रे सोडा असे सांगायचे त्यांनी ठरवले होते. विनोबांनी त्यांना खिशात एकही पैसा न ठेवता जायला सांगितले आणि ते तसेच गेले. वाटेत सोव्हिएत संघात चहाच्या कारखान्यातल्या एका कामगार बाईने त्यांना चहाची चार पाकिटे दिली. चार देशांच्या प्रमुखांना एकेक द्या, आणि सांगा की बटण दाबायचा विचार मनात आला तर आधी थांबून एक कप चहा प्या, असा तिचा निरोप होता. समुद्र तेवढा त्यांनी बोटीने ओलांडला.

"पण टाकलाच काहून जी त्यायनं बॉम्ब?" हा प्रश्न दुपारी पवनारजवळच्या एका शाळेत आठवीच्या मुलाने विचारला, आणि त्याला अर्धे उत्तर देऊन चालणार नव्हते. हिटलरचा जर्मनी आधी बॉम्ब बनवेल या भीतीने लिओ झिलार्ड या शास्त्रज्ञांनी पुढाकार घेतला आणि १९३९ मध्ये आइन्स्टाइन यांच्या सहीचे पत्र अमेरिकेच्या अध्यक्षांना गेले. त्यातून पुढे अमेरिकेचा अणुबॉम्ब बनवण्याचा मॅनहॅटन प्रकल्प उभा राहिला. जर्मनी मे १९४५ मध्येच शरण आला, पण काम थांबले नाही. १६ जुलैला न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिली चाचणी झाली आणि तीन आठवड्यांत हिरोशिमा जळाले. जर्मनी बॉम्ब बनवत नाही हे दिसू लागल्यावर जोसेफ रॉटब्लाट नावाचे शास्त्रज्ञ १९४४ च्या अखेरीसच प्रकल्प सोडून गेले होते. त्यांनी उरलेले आयुष्य अण्वस्त्रांविरुद्ध खर्ची घातले आणि १९९५ मध्ये त्यांना शांततेचे नोबेल मिळाले.

मी मुलांना हेही सांगितले की जपानी सैन्याने चीनमध्ये आणि आशियाच्या इतर देशांत भयंकर अत्याचार केले होते, आणि हिरोशिमात मेलेल्यांत हजारो कोरियन लोकही होते, ज्यांचा देश जपानच्या ताब्यात होता. युद्ध लवकर संपून आणखी सैनिकांचे प्राण वाचावेत म्हणून बॉम्ब टाकला, असे अमेरिकेचे म्हणणे होते. अनेक इतिहासकारांना ते पटत नाही आणि जपान त्याविनाही शरण आला असता असे ते दाखवून देतात. मुलाने थोडा विचार करून म्हटले, "म्हणजे भांडण मोठ्यायचं, अन् डबा त्या पोराचा." मी हे वाक्य त्याच संध्याकाळी वहीत लिहून ठेवले.

चौथा दिवस, ८ ऑगस्ट : आर्वी, आष्टी आणि एक नाला

आर्वीपर्यंत प्रवास सुरळीत झाला. आष्टीच्या पुढे एका गावाला जायचे होते, पण रात्रभर झालेल्या पावसाने वाटेतल्या नाल्यावरून पाणी वाहत होते. गाडी अलीकडेच थांबली, उतरेपर्यंत सरी कोसळू लागल्या, आणि आम्ही फलकांचे गाठोडे डोक्यावर धरून रस्त्याकडेच्या एका घराच्या ओसरीत शिरलो. मेणकापडामुळे १८ पैकी १७ फलक कोरडे राहिले. वरचा एक, नेमका शहराच्या नकाशाचा, भिजून गेला.

घरच्या आजींनी एक शब्दही न विचारता आम्हाला टॉवेल दिला. श्रावणातला शुक्रवार होता. भिंतीवर जिवतीचा कागद चिकटवलेला होता, त्याला आघाडा आणि दुर्वांची माळ घातलेली होती आणि पुढे दूध-साखर व फुटाण्यांची वाटी होती. मांडीवर, खांद्यावर आणि भोवती मुलेच मुले असलेली ती जिवती लहानपणी प्रत्येकाने पाहिलेली असते. मुले सुखरूप राहावीत म्हणून आई ही पूजा करते. दारासमोरच्या शेतात कपाशी गुडघ्याएवढी झाली होती. निंदणाला आलेल्या पाच-सहा बायाही पावसामुळे ओसरीत येऊन बसल्या होत्या. गाठोड्यात काय आहे असे त्यांनी विचारले आणि आमचे प्रदर्शन तिथेच मांडले गेले.

डब्याची गोष्ट मी सांगून संपवली तेव्हा बाहेरच्या पावसाखेरीज आवाज नव्हता. आजी उठून फलकाजवळ गेल्या आणि त्यांनी त्या डब्यावरून, कागदावरच, पाठमोऱ्या बोटांनी हात फिरवला, जसा झोपलेल्या लेकराच्या गालावरून फिरवतात. "नव्या पिकाचा डबा," त्या म्हणाल्या. "मायनं किती हौसेनं भरला असंन वं. पोराचा डबा भरलेला वापस आला म्हंजे मायच्या जिवाले काय होते, ते तुले आकड्यात नाही सांगता येणार." मी गेले चार महिने ज्या वाक्याच्या शोधात होते ते त्यांना सहज सापडले होते.

त्यांच्या विहिरीच्या काठावर गुलाबी कण्हेर फुलली होती. ती पाहून मी आजींना जे सांगितले ते ऐकून त्या चकित झाल्या. स्फोटानंतर हिरोशिमात ७५ वर्षे गवताची काडीही उगवणार नाही अशी बातमी पसरली होती. त्या जळालेल्या जमिनीतून सुरुवातीलाच जी झाडे फुलली त्यांत कण्हेर होती, आणि आज ती हिरोशिमा शहराचे फूल आहे. पिवळी कण्हेर वेगळी; ही आपली देवाला वाहायची लाल-गुलाबी कण्हेर. आजींनी लगेच चार फुले तोडली, दोन जिवतीला वाहिली आणि दोन डब्याच्या चित्रापुढे ठेवली. (कण्हेरीचे सगळेच झाड विषारी असते, तेव्हा मुलांनी पाने-फुले तोंडात घालू नयेत आणि हाताळल्यावर हात धुवावेत.)

पाऊस थांबेपर्यंत ज्वारीची भाकर, झुणका आणि नुकत्याच बाजारात आलेल्या कटवलांची भाजी असे जेवण झाले. भाचीने तिथल्या पोरींना कागदाचे बगळे घडवायला शिकवले. जपानी गोष्टीतला पक्षी क्रौंच आहे, पण आमच्याकडच्या मुलींनी त्याला पहिल्या मिनिटापासून बगळाच म्हटले आणि मी ते बदलले नाही. त्या घड्या घालताना भाचीनेच सादाको सासाकीची गोष्ट सांगितली. बॉम्ब पडला तेव्हा सादाको दोन वर्षांची होती आणि तिला ओरखडासुद्धा आला नाही. शाळेत ती धावण्यात पुढे होती, वर्गाच्या रिले संघात होती. दहा वर्षांनी तिला रक्ताचा कर्करोग झाला. किरणोत्साराची ही रीत आहे : काहींचे केस काही दिवसांत गळतात, अंगावर जांभळे डाग पडतात, आणि काहींच्या शरीरात त्याचा परिणाम वर्षानुवर्षे दबून राहतो. हजार बगळे घडवले की इच्छा पुरी होते या समजुतीने सादाको औषधांच्या पुड्यांच्या कागदांचेही बगळे करत राहिली. २५ ऑक्टोबर १९५५ रोजी ती गेली. "तेव्हा ती माझ्याएवढी होती," भाची म्हणाली आणि पुढची घडी घालू लागली.

नाल्याचे पाणी उतरायला संध्याकाळचे पाच वाजले. या भागात श्रावणात फिरताना दिवसाला एकच गाव धरावे आणि मुक्कामाला अंधार पडायच्या आत पोहोचावे. गावकरी पाण्यात उतरू नका म्हणाले तर उतरू नये.

पाचवा दिवस, ९ ऑगस्ट : वर्धेकाठचे गाव आणि मोझरी

त्या दिवशी राखीपौर्णिमा होती आणि शाळेला सुट्टी होती. तरीही तिथल्या गुरुजींनी वर्धा नदीजवळच्या त्या गावातली तीसेक मुले सकाळी सातलाच मंदिराच्या सभामंडपात जमवली. नागासाकीचे ११ वाजून २ मिनिटे म्हणजे आपले साडेसात आणि वर दोन मिनिटे. त्या क्षणी आम्ही सगळे एक मिनिट उभे राहिलो. नदीच्या बाजूने काळे ढग सरकत होते.

त्या ढगांकडे बोट दाखवूनच मी सुरुवात केली. ९ ऑगस्टला विमान निघाले होते ते नागासाकीसाठी नव्हे, कोकुरा या शहरासाठी. कोकुरावर ढग आणि धूर होता, लक्ष्य दिसेना. विमानाने घिरट्या घातल्या आणि मग ते नागासाकीकडे वळले. तिथेही ढग होते, पण शेवटच्या घडीला त्यांत फट सापडली. आमच्या मुलांना ढगाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही; मृगापासून त्यांचे आई-बाप आभाळाकडेच पाहत असतात. ढग थांबला म्हणून एक शहर वाचले आणि ढग फाटला म्हणून दुसरे जळाले, ही गोष्ट त्यांनी जितक्या गांभीर्याने ऐकली तितक्या गांभीर्याने शहरातली मुले ऐकतील की नाही, मला शंका आहे. नागासाकीवरचा बॉम्ब प्लुटोनियमचा आणि हिरोशिमाच्या बॉम्बपेक्षा मोठा होता. तो उराकामीच्या खोऱ्यावर फुटला आणि मधल्या डोंगरांमुळे शहराचा काही भाग बचावला.

गुरुजींनी सकाळची आरती तशीच ठेवली होती. कापूर पेटला तेव्हा मी सांगितले की नागासाकीच्या सान्नो देवस्थानात कापराचे दोन मोठे वृक्ष आहेत. स्फोटात त्यांची पाने-फांद्या गेली, खोडे करपली, ते मेले असेच सर्वांना वाटले. पण पुढे त्यांना पालवी फुटली आणि ते आजही उभे आहेत. आरतीनंतर मुलांनी तबकावर हात फिरवले आणि नेहमीप्रमाणे डोळ्यांना लावले, पण एका छोट्या मुलाने हात बराच वेळ नाकाशी धरून ठेवला.

नंतर जो प्रश्न येणारच होता तो आला. "आपल्यापाशीबी हाय ना जी तो बॉम्ब?" हो, आहे. १८ मे १९७४ रोजी पोखरणला पहिली चाचणी झाली आणि मे १९९८ मध्ये आणखी पाच. ११ मे आणि १३ मे अशा त्या दोन दिवसांत झाल्या, आणि महिना संपायच्या आत पाकिस्ताननेही चाचण्या केल्या. आपण पहिल्यांदा बॉम्ब टाकणार नाही असे भारताचे धोरण आहे. आज नऊ देशांकडे मिळून सुमारे १२,००० अण्वस्त्रे आहेत. १९८० च्या दशकाच्या मध्याला ती ७०,००० च्या घरात होती. म्हणजे ती कमी करता येतात, हे झालेले आहे. चाचण्यांनीही माणसे मारली : १ मार्च १९५४ रोजी बिकिनी बेटावरच्या अमेरिकी चाचणीची राख दूरवरच्या एका जपानी मासेमारी नौकेवर पडली, तिचे सगळे २३ खलाशी आजारी पडले आणि त्यांतला एक सप्टेंबरात वारला. त्या चाचणीनंतर महिन्याभराने, एप्रिलमध्येच, पंडित नेहरूंनी सर्व देशांना चाचण्या थांबवण्याचे आवाहन केले होते. अण्वस्त्रांवर बंदी घालणारा करार २०२१ पासून लागू आहे, पण अण्वस्त्रे बाळगणाऱ्या एकाही देशाने, भारतानेही, त्यावर सही केलेली नाही.

"मग आपण चूक की बरोबर?" गुरुजींनीच विचारले. मी मुलांसमोर माझे मत लपवले नाही. शेजारी शस्त्र घेऊन उभा असताना देशाला वाटणारी भीती मला समजते. पण हे शस्त्र वापरून कोणाचेही रक्षण होईल असे मला वाटत नाही, कारण ते पहिल्यांदा जिथे पडले तिथे कामाला गेलेली सहा हजार मुले परत आली नाहीत. तुम्ही मोठे होऊन वेगळा विचार केला तरी चालेल, पण करताना डबा आठवा, एवढेच मी म्हणाले. गुरुजी गप्प होते. त्यांचा पुतण्या सैन्यात आहे, हे मला नंतर कळले, आणि त्यांनी जाताना माझ्या हातात नारळ ठेवला.

मुलींनी राख्यांतून उरलेल्या रेशमी धाग्यांत बगळे ओवले. चार दिवसांत घडवलेले सगळे मोजले तर २८७ भरले. माळ सभामंडपाच्या खांबाला बांधून आम्ही नदी ओलांडली.

मोझरीच्या गुरुकुंज आश्रमात दुपारी शांतता होती. तुकडोजी महाराज १९५५ मध्ये विश्वधर्म आणि विश्वशांती परिषदेसाठी जपानला गेले होते, हे आमच्या भागातल्या जुन्या भजनी मंडळींना ठाऊक असते. हिरोशिमाला तेव्हा दहाच वर्षे झाली होती, आणि सादाको त्याच वर्षी रुग्णालयात कागद दुमडत होती. वाचलेल्या हिबाकुशांची निहोन हिदानक्यो ही संघटना त्याच्या पुढच्या वर्षी, १९५६ मध्ये, नागासाकीत स्थापन झाली. आपले भाजलेले शरीर आणि आपली गोष्ट घेऊन ती माणसे जगभर फिरत राहिली आणि २०२४ चे शांततेचे नोबेल त्यांना मिळाले. समाधीपाशी बसून भाचीने हे सगळे वहीत उतरवले. मग तिने मला राखी बांधली, कारण त्या दिवशी तिला बांधायला दुसरे कोणी जवळ नव्हते.

गुरुकुंजात जायचे असेल तर नागपूर-अमरावती मार्गावरची कोणतीही गाडी मोझरीला थांबते का एवढे आधी विचारून घ्यावे.

घरी येऊन आता तीन आठवडे झाले आहेत. भिजलेला नकाशा मी नव्याने काढला. परवा वर्धेकाठच्या गुरुजींचा निरोप आला की मुलांनी बगळे ६४० पर्यंत नेले आहेत, पण गावातली जुनी कॅलेंडरे संपली. असतील तर पाठवा. आमच्या शेजारपाजारच्या घरांतून मी सात गोळा केली आहेत आणि उद्या सकाळी पोस्टात टाकणार आहे.